नेपाळी सुरी घेताना

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाचे भोपळे आणि कोबी ज्या काळपट, लाकडी मुठीच्या सुऱ्यांनी चिरले गेले, त्यांची चौकशी अजून थांबलेली नाही. कोणी विचारते कुठून आणल्या, कोणी विचारते मूठ निघून हातात आली तर काय, आणि एका वहिनींनी तर फोनच केला, "अहो, पार्सल मागवलं तर पोलीस येत नाहीत ना?" प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा अंकातच लिहावे, असे स्वयंपाक समितीत ठरले. आम्ही म्हणजे समितीतली पाच घरे. गेल्या काही वर्षांत दोनदा एकत्र मागणी करून आम्ही नेपाळहून सुऱ्या आणवल्या, वापरल्या, गंजवल्या आणि पुन्हा घासून चकचकीत केल्या. त्यात आमचे शिक्षण रसायनशास्त्रातले. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ती कशाची आहे आणि का बिघडते हे पाहिल्याशिवाय राहवत नाही. वाचकांनी तेवढे सोसावे.

नेपाळी सुरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुकरीच येते. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणाऱ्या रखवालदाराला आपण सरसकट 'गुरखा' म्हणत आलो, मग तो नेपाळच्या कुठल्या का जिल्ह्यातला असेना. त्याच्या कमरेच्या खुकरीबद्दल लहानपणी आपल्याला हमखास सांगितले जाई, की ती एकदा म्यानातून निघाली की रक्त प्यायल्याशिवाय परत जात नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरखा सैनिक आहेत, आम्ही त्यांना 'दाइ' म्हणतो, म्हणजे थोरले भाऊ. त्यांना हे सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "मग आमच्या आईने रोज सकाळी चुलीसाठी लाकडं फोडली ती कशी?"

आणि हेच खरे आहे. नेपाळच्या डोंगरात खुकुरी (नेपाळीत उच्चार असा) हे आधी घरचे आणि शेतातले हत्यार, मग लढाईचे. आपल्या कोकणात कोयता जे काम करतो तेच ती करते : फांद्या छाटणे, बांबू चिरणे, सरपण फोडणे, मांस तोडणे. इंग्रजांना ती भेटली १८१४ ते १८१६ च्या युद्धात. त्या युद्धातच, १८१५ पासून, त्यांनी गुरख्यांना आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली आणि तिथून या हत्याराचा जगभर गाजावाजा झाला. १९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे आल्या. २००९ मध्ये इथल्या सरकारने १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या, किमान चार वर्षे सेवा केलेल्या गुरख्यांना इथे स्थायिक व्हायची परवानगी दिली. आज आल्डरशॉट, फार्नबरो, रेडिंग या भागांत नेपाळी दुकाने दिसतात ती त्यामुळे. आपल्यापैकी पुष्कळांना गुंद्रुक आणि तिमूर तिथेच पहिल्यांदा पाहायला मिळाले असेल.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मंडळातल्या घरांना खुकुरी लागेलच असे नाही. दहा-बारा इंची पात्याची खुकुरी अर्धा किलोच्या वर भरते. कांदा चिरायला ती घेणे म्हणजे फुले तोडायला कुऱ्हाड. नारळ फोडायला (धारेने नव्हे, पाठीने), लाल भोपळ्याचे आणि सुरणाचे मोठे तुकडे करायला, बागेतली झुडपे छाटायला ती उत्तम. रोजच्या चिराचिरीला मात्र त्याच लोहाराने घडवलेली पाच-सहा इंची सुरी घ्यावी. खुकुरीच्या म्यानात, नेपाळीत त्याला 'दाप' म्हणतात, मागच्या बाजूला दोन छोटी हत्यारे खोचलेली असतात. एक 'कर्द', म्हणजे लहान धारेची सुरी, आणि दुसरी 'चकमक', बिनधारेची, जिच्यावर पाते घासून धार नीट करतात आणि जिने गारगोटीवर ठिणगीही पाडतात. बाजारात ज्या नेपाळी कामाच्या सुऱ्या म्हणून मिळतात त्या बहुधा या कर्दचीच थोरली भावंडे असतात. सरळ किंवा किंचित वाकलेले पाते, जाड पाठ, लाकडी मूठ. महाप्रसादाला तुम्ही पाहिल्या त्या याच.

आणखी एक वस्तू तिथल्या स्वयंपाकघरात असते, ती पाहून आमच्या आई अक्षरशः उठून उभ्या राहिल्या. 'चुलेसी'. लाकडी पाटावर उभे पाते, पाट पायाखाली दाबायचा आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर ढकलायची. म्हणजे आपली विळीच! फक्त खोबरे खवायचे दात तिला नसतात. इथे ओट्याशी उभे राहून काम करण्याची सवय झालेल्या गुडघ्यांना ती आता झेपणार नाही, हे वेगळे.

आता या वस्तू बनतात कशा ते पाहू, कारण विकत घेताना काय पाहायचे ते त्यातूनच कळते.

पूर्वीचे लोखंड कुठले का असेना, गेली कित्येक दशके नेपाळी लोहाराचा आवडता कच्चा माल म्हणजे ट्रकच्या कमानीचे पाटे. हे ऐकून नाक मुरडू नये. कमानीचे पोलाद हे धक्के खाऊन न मोडण्यासाठीच बनवलेले असते. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो आणि जातीप्रमाणे थोडे क्रोमियम किंवा सिलिकॉन, मँगनीज. कार्बन याहून फार कमी असता तर धार धरली नसती, फार जास्त असता तर पाते ठिसूळ झाले असते. स्टेनलेस म्हणायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. इथे ते फार तर एक टक्क्याच्या आसपास, म्हणून हे पाते गंजते. गंजते ही तक्रार नाही, तो त्याचा स्वभाव आहे, आणि त्याच स्वभावामुळे साध्या दगडावर चार हात फिरवले की त्याला धार येते.

पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर दोघा-तिघांनी घण घालून तो लांबवायचा, मग हातोडीने आकार, मग कानस. भाता, सांडशी, ऐरण, घण, सगळे आपल्या लोहाराच्या कामठ्यासारखेच. नेपाळीत या जागेला 'आरन' म्हणतात. खरी गंमत आहे ती पाते कठीण करण्याच्या पायरीत. आपल्याकडे 'हत्याराला पाणी देणे' म्हणतात तेच. पोलाद सुमारे आठशे अंशांच्या वर तापले की त्यातले कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळ्यात मोकळेपणी विरघळतात. सावकाश थंड होऊ दिले तर ते बाहेर पडून स्वस्थ बसतात आणि पोलाद मऊ राहते. एकदम थंड केले तर त्यांना बाहेर पडायला सवडच मिळत नाही, ते जाळ्यात अडकून पडतात आणि सगळी रचना ताणलेली, कठीण होते. शहरातला कारखाना अख्खे पाते तेलाच्या टाकीत बुडवतो. नेपाळी कामी काय करतो? चहाची किटली घेतो आणि तिच्या तोटीतून पाण्याची धार फक्त पात्याच्या धारेवर धरतो, टोकापासून मुठीपर्यंत मागेपुढे. धार कठीण होते. पाठ तापलेलीच राहते आणि सावकाश निवते, म्हणून मऊ आणि चिवट राहते. शिवाय पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि तिचा ठिसूळपणा कमी करते. पाते घासलेले असेल तर त्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढत जातो. दोनशेवीस-तीस अंशांना पिवळा, तीनशेच्या सुमारास निळा. कुठल्या रंगाला थांबायचे ते कामीच्या डोळ्याला कळते. आमच्या प्रयोगशाळेत एवढ्याच कामासाठी तापमापक असलेली भट्टी लागते आणि तिच्या देखभालीचा वार्षिक करारही लागतो.

म्हणून हातघडणीच्या सुरीत पाठीला कानस लागते आणि धारेवर ती घसरते. हीच तिची परीक्षा. सुरी हातात आली की बारीक कानस धारेच्या कडेला हलकेच एकदा फिरवून पाहावी. चावली, लोखंडाचा कीस निघाला, तर पाणी दिलेलेच नाही असे समजावे. मात्र धार मुठीजवळ आणि अगदी टोकाला थोडी मऊ असणे साहजिक आहे. कठीणपणा पोटात, म्हणजे जिथे घाव बसतो तिथे, हवा.

खुकुरीच्या मुठीजवळ पात्याला जी खाच असते तिला 'काउडी' म्हणतात. तिच्याबद्दल जितकी तोंडे तितक्या कथा. गाईचे पाऊल, त्रिशूळ, रक्त ओघळू नये म्हणून केलेली खाच. आम्हाला त्यातल्या कुठल्याच कथेचा हट्ट नाही. ग्राहकाने एवढेच पाहावे की खाचेच्या कोपऱ्यातून बारीक चीर निघालेली नाही. धातूला ताण बसला की तो कोपऱ्यातच फुटतो.

मूठ. घेताना सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे, कारण अपघात होतात ते मुठीचे. मूठ बसवायच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत पात्याची मागची शेपटी निमुळती करून लाकडाच्या भोकात घालतात आणि फटीत 'लाहा' भरतात. लाहा म्हणजे आपली लाख, किड्यांनी झाडावर केलेली. दुसऱ्या रीतीत, तिला 'पानावल' म्हणतात, पात्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीइतके मागे येते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फाळ्या रिव्हेटांनी ठोकतात. स्वयंपाकघरासाठी आम्ही निःशंकपणे दुसरी सुचवतो. पहिली वाईट नाही, वजनाने हलकी असते आणि हाताला धक्का कमी बसतो. पण लाख पंच्याहत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडते. डिशवॉशरमध्ये एकदा घातली की संपले. लाखेला ताप सोसत नाही हे पांडवांना कळून इतकी युगे झाली, आपण तरी विसरू नये.

लाकूड बहुधा 'सिसौ' असते, म्हणजे आपले शिसम. काही विक्रेते 'रोजवूड' लिहितात आणि त्यात गोंधळ होतो, कारण आपल्याकडचे शिसव हे वेगळे झाड. नेपाळीत त्याला 'सतिसाल' म्हणतात आणि तिथे ते संरक्षित आहे. ही दोन्ही एकाच कुळातली, आणि त्या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून नोंदणीचे नियम आहेत. पाच-दहा सुऱ्यांच्या मुठींना त्याचा जाच होत नाही, कारण तयार वस्तूंमधले असे लाकूड एका खेपेत दहा किलोपर्यंत असेल तर त्याला सूट आहे. तरी कुठले लाकूड ते विचारावे. ज्याला ते सांगता येत नाही त्याला बाकीचेही सांगता येत नसते.

विकणाऱ्याला आणखी काय विचारावे? सुरी कुठे घडते, कुठल्या पोलादाची, शेपटी कुठवर जाते, वजन किती, आणि फोटोतली वस्तूच येणार की तिच्यासारखी दुसरी. नावाजलेला भाग म्हणजे पूर्व नेपाळमधला भोजपूर. रुंद पोटाच्या खुकुरीला 'भोजपुरे' म्हणतात ते त्यावरूनच. बारीक, लांबट ती 'सिरुपाते', सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी. काठमांडूच्या ठमेलमध्ये पर्यटकांसाठी भिंतभर चकाकत टांगलेल्या असतात त्यांतल्या बऱ्याच शोभेच्याच. पातळ पत्रा, आरशासारखी झिलई, पितळेचा सिंह. दिवाणखान्यात लावायला ठीक. उलट काळपट, हातोडीचे ठसे दिसणारे पाते म्हणजे अस्सल असेही नाही, ठसे मागाहूनही मारता येतात. पाते डोळ्यासमोर धरून पाठीची रेघ सरळ आहे का पाहावी, मूठ पिळून पाहावी, रिव्हेटावरून अंगठा फिरवावा. आमच्या पहिल्या मागणीतल्या एका सुरीची मूठ तिसऱ्या दिवशी डुलू लागली. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याने कुरकुर न करता दुसरी पाठवली. स्वस्तातल्या दुसऱ्या एका ठिकाणाहून एका सभासदांनी घेतलेल्या सुरीबाबत मात्र उत्तरच आले नाही. तेव्हा पैसे देण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारून पाहावा, उत्तर किती दिवसांनी आणि कसे येते त्यावरून पुढचे समजते.

किमतीबद्दल समितीच्या बैठकीत वाद झाला तो इथे नोंदवणे भाग आहे. "ट्रकच्या भंगाराचे एवढे पैसे कशाला? निम्म्यात द्या म्हणावे," असा एक सूर निघाला. घासाघीस आपल्या रक्तात आहे, मंडईत ती शोभतेही. पण इथे समोर कोण आहे ते माहीत असावे.

नेपाळात लोहारकाम करणारी जात म्हणजे कामी. आता पुष्कळ जण 'विश्वकर्मा' असे आडनाव लावतात. नेपाळच्या लोकसंख्येत ते सुमारे पाच टक्के आहेत. डोंगरातल्या गावांत त्यांची जुनी रीत अशी, की वर्षभर गावाची विळे, कुदळी, खुकुऱ्या घडवायच्या, शेवटायच्या, आणि सुगीला घरटी धान्य घ्यायचे. त्याला 'बाली घरे' म्हणतात. बलुतं म्हटलं की आपल्याला आणखी समजावून सांगायला नको. पण एक फरक आहे. आपल्याकडे लोहार बारा बलुतेदारांत, पण अस्पृश्य नव्हता. नेपाळात कामी अस्पृश्य ठरवला गेला, आणि तो नुसता रूढीने नव्हे तर कायद्याने. १८५४ च्या 'मुलुकी ऐन'ने सबंध देशाच्या जातींची उतरंड कागदावर उतरवली आणि कामींना ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशांत बसवले. १९६३ च्या नव्या ऐनाने ती उतरंड काढली, २०११ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा आला. कायदा आला म्हणून विहिरीवरची वागणूक त्याच दिवशी बदलते असे नाही, हे आपल्याला महाडच्या चवदार तळ्यापासून ठाऊक आहे. पोलादाला पाणी द्यायचे ते त्याने, आणि त्याच्या हातचे पाणी मात्र कोणी प्यायचे नाही. त्याच्याच हत्याराची दसऱ्याला पूजा मात्र सगळे करणार. खंडेनवमीला आपणही हत्यारे पूजतो, ती कोणी घडवली याची चौकशी कधी करतो?

दाइ स्वतः कामी नाहीत. त्यांना हा विषय काढला की ते जरा गप्प होतात. एकदा म्हणाले, की त्यांच्या लहानपणी गावचा कामी अंगणाच्या कडेला बसायचा, आणि खुकुरी त्याच्या हातातून घेतली की घरात नेण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडायचे. "खुकुरी चांगली असायची, फार चांगली," एवढे बोलून त्यांनी चहा ओतला.

तरुण कामींची मुले आज आरनात बसायला तयार नाहीत. ती कतारला, मलेशियाला जातात. आपण कोणत्या तोंडाने त्यांना नावे ठेवणार? राहिले आहेत त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचे कारखाने काढले, काही ठिकाणी मालक वेगळा आणि कामी मजुरीवर. म्हणून विचारायच्या प्रश्नांत आम्ही एक वाढवला, की घडवणाऱ्याला नगामागे मजुरी मिळते की महिन्याचा पगार, आणि त्याचे नाव सांगाल का. दोन विक्रेत्यांनी टाळले. तिसऱ्याने नावे दिली, आणि पुढच्या पार्सलात प्रत्येक सुरीबरोबर चिठ्ठीवर घडवणाऱ्याचे नाव लिहून आले. तो दोन-चार पौंडांनी महाग होता. दुसरी मागणी आम्ही त्याच्याकडेच दिली आणि घासाघीस केली नाही. बैठकीत हे सर्वांना पटले असे नाही, पण ज्यांना पटले नाही त्यांनीही सुरी परत केलेली नाही.

आता पोलिसांचा प्रश्न. हा भाग घाईने वाचू नये. खाली लिहिले आहे ते इंग्लंड-वेल्सचे, स्कॉटलंडमधल्या सभासदांनी तिथले वेगळे पाहावे.

साधी स्वयंपाकाची सुरी किंवा खुकुरी विकत घेणे आणि घरात ठेवणे यात गुन्हा नाही. घेणारा अठरा वर्षांचा हवा. पार्सल घरी मागवले तर २०२२ पासून ते अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीच्याच हातात द्यावे लागते. दारात पासपोर्ट किंवा लायसन्स मागतात, रागावू नये. शेजाऱ्याकडे ठेवून जा, दाराशी टाकून जा, असले काही सांगू नये. दातेरी कड, अनेक टोके, पात्यात नक्षीची भोके असलेली आठ इंचांवरची भयंकर दिसणारी पाती सप्टेंबर २०२४ पासून बेकायदा आहेत, तेव्हा सजवलेल्या, दाते पाडलेल्या 'खास' आवृत्त्यांच्या नादी लागूच नये. साधे पाते घ्यावे. १३५ पौंडांवरच्या पार्सलाला जकातीचा प्रश्न येतो, व्हॅट तर असतोच. नेपाळ-भारतातून येताना स्वतः आणायची असेल तर मोठ्या बॅगेत, पाते नीट गुंडाळून. केबिन बॅगेत चुकूनही नाही.

खरी मेख आहे ती घराबाहेर नेण्यात. १९८८ च्या कायद्याप्रमाणे योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी पाते बाळगणे हा गुन्हा आहे. सूट आहे ती तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला. रस्त्यावरची आपली गाडी म्हणजे आपले घर नव्हे. महाप्रसादाच्या स्वयंपाकाला सुऱ्या नेणे हे योग्य कारण आहे, पण स्वयंपाक शनिवारी झाला आणि सुरी बुधवारपर्यंत डिकीतच लोळत राहिली, तर ते कारण उरत नाही. आणि आपले कार्यक्रम होतात शाळेच्या हॉलमध्ये! शाळेच्या आवारात पाते नेण्याबद्दल त्याच कायद्यात वेगळे कलम आहे. म्हणून समितीने आता रीत ठरवली आहे. हॉलच्या व्यवस्थापकाकडून आधी लेखी परवानगी, सर्व सुऱ्या एका झाकणाच्या डब्यात, प्रत्येक मुठीवर क्रमांक, नेताना आणि परत आणताना मोजणी. ही मोजणी करताना काही जण हसतात. हसोत. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर एक सुरी मोजणीत कमी भरली, आणि ती कोबीच्या पानांच्या पिशवीत सापडेपर्यंत आमच्यापैकी कोणीही जेवले नव्हते. बाहेर पंधरा-सोळा वर्षांची आपलीच मुले लेझीमचे सामान आवरत होती. या देशात त्या वयाच्या मुलांच्या हाती सुरी सापडणे म्हणजे काय, हे रोज बातम्यांत दिसते. ज्या घरात वाढती मुले आहेत त्यांनी मोठी खुकुरी कुलपात ठेवावी, आणि शोभेला म्हणून दिवाणखान्यात मुळीच टांगू नये. विद्यापीठात निघालेल्या मुलाच्या स्वयंपाकाच्या सामानात सुरी देत असाल तर बंद खोक्यात, बाकीच्या भांड्यांबरोबर, आणि पोचल्यावर ती थेट स्वयंपाकघरात. खिशात किंवा पाठीवरच्या पिशवीत राहता कामा नये.

निगा. वापरून झाली की लगेच धुवावी, लगेच पुसावी, एवढे केले तरी पुष्कळ. लिंबू, टोमॅटो, चिंच यांच्या आम्लाने पात्यावर करडे-काळे डाग पडतात. कच्ची केळी आणि फणस चिरताना पाते आणि भाजी दोन्ही निळसर काळी होतात, त्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडून. जुन्या लोखंडी विळीवर हेच होत असे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हा काळा थर बसला की पाते उलट कमी गंजते. लाल गंज मात्र दिसला की बारीक सँडपेपरने तेल लावून काढावा.

तेल कुठले? नेपाळात राईचे लावतात. आमचे मत खोबरेल. सूर्यफूल, करडई ही तेले हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू चिकट होतात आणि पाते म्यानाला चिकटते. खोबरेलात असे होण्यासारखे फारसे काही नसतेच. इथल्या थंडीत ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, तेव्हा बाटली रेडिएटरवर ठेवायची, जी नाहीतरी डोक्यासाठी आपण ठेवतोच. मुठीच्या लाकडाला मात्र नेमके उलट तेल हवे, सुकून घट्ट होणारे. अळशीचे, म्हणजे जवसाचे. हिवाळ्यात हीटिंगने घरची हवा कोरडी पडते, लाकूड आकसते, फाळी आणि पोलादात फट पडते. वर्षातून दोनदा पातळ हात दिला तर हे बरेच टळते. पण एक इशारा, आणि हा रसायनवाल्याचा म्हणून मनावर घ्यावा : जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निघते आणि घडीत अडकलेली उष्णता चिंधी आपोआप पेटवू शकते. चिंधी बाहेर उघडी पसरून पूर्ण वाळू द्यावी, किंवा पाण्यात भिजवून टाकावी.

पाते कायम चामडी म्यानात ठेवू नये, कातडे कमावताना राहिलेले क्षार आणि ओल मिळून ते डागाळते. म्यानातून खुकुरी काढताना म्यान मुठीत धरू नये. बोटे धारेच्या बाजूला आली तर पाते कातडे कापून बोटावर येते. म्यान पाठीकडून, मुठीच्या तोंडाजवळ धरावे. धार साध्या पाण्याच्या दगडावर लावावी. विजेच्या चाकावर धरून ठिणग्या उडवू नयेत. धारेवर निळा रंग आला की कामीने किटलीने दिलेले पाणी गेले, आणि ते इथे कोणी परत देणार नाही. आपल्या लहानपणी सायकल उलटी उभी करून चाक फिरवणारा धारवाला दारात यायचा, तो जाणून असायचा कधी थांबायचे.

तिसरी एकत्र मागणी गुढीपाडव्यानंतर जाईल. नावे सुरेचा आकार (पाच इंची, सहा इंची किंवा चुलेसी) आणि मुठीची रीत लिहून समितीकडे द्यावीत. या सुऱ्यांना दोन्ही बाजूंनी धार असते, त्यामुळे डावखुऱ्यांनी वेगळे काही कळवायची गरज नाही. पाडव्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी दुपारी आमच्या घरी दगड आणि पाणी तयार असेल. घरच्या बोथट सुऱ्या, विळ्या, अडकित्ते झाकणाच्या डब्यात घालून आणावेत, आणि परत जाताना मोजून न्यावेत.